शालीवरचा पिवळा दोरा

आमच्या घरात टॉवेल चुकत नाही. कधीच नाही. पाहुण्यानं चुकून दुसऱ्याच्या टॉवेलाला हात लावला, तर सासूबाई आतल्या खोलीतून ओरडतात, "निळा त्याचा! तुमचा पांढरा!" त्यांना न बघता कसं कळतं, देव जाणे. प्रत्येक टॉवेल, चादर, उशीचा अभ्रा, सगळ्यांच्या उजव्या कोपऱ्यात दोऱ्याच्या दोन फुल्या. तांबड्या त्यांच्या स्वतःच्या, निळ्या माझ्या नवऱ्याच्या, नारिंगी माझ्या लेकीच्या, ती आता शिकायला बाहेर असते. हिरव्या माझ्या. पांढऱ्या पाहुण्यांच्या, म्हणजे ज्यांना घरात रंग नाही त्यांच्या.

लग्न होऊन आले तेव्हा मी चार वर्षं पांढरी होते. चार वर्षं! पोर झाली, तिला बारशाआधी नारिंगी मिळाला, मी आपली पांढरीच. मग एक दिवस टॉवेलावर हिरव्या फुल्या दिसल्या. कुणी काही बोललं नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. आता सांगायला काय हरकत आहे?

हे खूळ त्यांनी हॉस्पिटलातून आणलेलं. सासरे गेले तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या, पदरात दोन पोरं. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात घड्या घालायला लागल्या आणि चौतीस वर्षांनी त्याच खात्याच्या मुख्य म्हणून बाहेर पडल्या. सोड्यानं बोटांची साल गेली ती गेलीच. तिथं प्रत्येक वॉर्डाचा दोरा वेगळा. बाळंतिणींचा गुलाबी, ऑपरेशनचा निळा, साथीच्या रोगांचा काळा. नियम एकच: दोरा ज्याचा, कापड त्याचं. काळ्या दोऱ्याचं कापड काही झालं तरी दुसऱ्या वॉर्डात जायचं नाही.

पडद्यांची गोष्ट तर त्या येईल त्याला सांगतात. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी एकदा घरचे पडदे पाठवले. अकरा पडदे, मखमली. "जरा मशीनला लावा." इकडे पेशंटला बदलायला चादर मिळेना, आणि ह्यांचे पडदे! सासूबाई म्हणाल्या, लावते की. पडदे धुतले, वाळवले, आणि बसून अकराच्या अकरा पडद्यांना काळ्या फुल्या घातल्या. साहेबांचा ड्रायव्हर न्यायला आला. "अगंबाई, हे तर साथीच्या वॉर्डाचे! हे बाहेर कसे सोडू? साहेबांच्या घरात रोग जाईल." साहेब स्वतः आले, लालबुंद झाले, बदली करीन म्हणाले. "करा," ह्या म्हणाल्या, "कागदावर कारण तेवढं लिहा." ते पडदे पुढं नऊ वर्षं साथीच्या वॉर्डाच्या खिडक्यांना होते.

अशी बाई. ती एकाहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढून पंखा पुसायला गेली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य मला, "मग पंखा कोण पुसणार होतं, तुझा बाप?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, इथं तर सुंभही पुरता जळाला नव्हता.

आता माझं सांगते. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाला आणायच्या, बसवायच्या. एकोणीस वर्षं मान मोडून केलं, आणि सासूबाई पडल्या त्याच महिन्यात मालकांनी मला त्या खोलीची मुख्य केली. आठ माणसं माझ्या हाताखाली. अट एवढीच, सकाळी आठला हजर. मालक म्हणाले, "बाई, घरची अडचण असेल तर आताच सांगा, दुसरा माणूस तयार आहे." तो दुसरा माणूस कोण ते मला माहीत होतं. मीच शिकवलेला, आणि अजून डावी-उजवी काच उलटी बसवायचा. मी म्हटलं, "अडचण? कसली अडचण?"

आणि घरी सासूबाईंना उठवायला, बसवायला, आंघोळ घालायला चोवीस तास माणूस हवं. नवऱ्याची नोकरी "नोकरी", तिला हात लावायचा नाही. नणंद चार गल्ल्या पलीकडे राहते, पण तिची पाठ दुखते. आईचा विषय निघाला की जास्तच.

म्हणून एजन्सीत गेलो. बाहेरदेशातून आलेल्या बाया घरात राहून काम करायला मिळतात, दोन वर्षांचा करार. एजन्सीवाली गोड बोलायची, साखर पेरल्यासारखं. कागदावर सह्या झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, एक ऐका. पासपोर्ट तुमच्याकडे ठेवा. नाहीतर हातावर तुरी देऊन पसार होतात ह्या. रविवारची सुट्टी पहिले तीन महिने नको, बाहेर गेल्या की चार जणी भेटून कान भरतात. आणि ताटवाटी वेगळी." असं करणं कायद्यात बसत नाही हे तिला ठाऊक असणारच, कारण ह्यातलं अक्षरही कागदावर नव्हतं. मलाही ते समजत होतं. तरी मी मान हलवली. मला सकाळी आठ वाजता दुकानात पोचायचं होतं.

करारात दोनदा माणूस बदलून मिळायचं. तिसरीही गेली, तर पैसेही गेले आणि एजन्सीही हात वर करणार.

पहिली अकरा दिवस टिकली. ती बिचारी सासूबाईंच्या काठीचा आवाज आला तरी दचकायची. दुसरीला स्वयंपाक येतो असं एजन्सीनं लिहून दिलं होतं. तिला येत होतं ते पाणी उकळणं. पण ती गेली ते त्यामुळे नाही. सासूबाईंना अंथरूण हॉस्पिटलसारखं लागायचं, चारी कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, सुरकुती नाही. जमलं नाही की काठीच्या टोकानं चादर उपसायच्या. "पुन्हा." एका सकाळी त्यांनी पाच वेळा उपसली. सहाव्या वेळी दुसरीनं चादर त्यांच्या अंगावर टाकली आणि बॅग भरली. मी दुकानातून धावत आले तोवर ती जिना उतरली होती, तिच्या मागं एजन्सीचा माणूस, आणि वर सासूबाई म्हणतात, "कोपरे शेवटपर्यंत आलेच नाहीत."

"अहो आई, माझी नोकरी जाईल!" मी ओरडले.

"मी माझी कुणामुळे घालवली नाही. तू घालवू नकोस," म्हणाल्या.

मग तिसरी आली. तिला नाव होतं, सुरेख होतं, पण आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सासूबाईंनी तिला "तिसरी" म्हणायला सुरुवात केली आणि आम्हीही म्हणू लागलो. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही. चाळिशीची, काटक, आवाज बारीक. आपली भाषा तिला थोडी यायची, कामापुरती. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी चादर उपसली. तिनं पुन्हा घातली. पुन्हा उपसली. मी दारात चप्पल घालून उभी, नजर घड्याळाकडे. तिसऱ्या खेपेला तिनं चादर सासूबाईंच्या हातात दिली, त्यांची चाकाची खुर्ची पलंगापाशी ओढली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही दाखवा."

सासूबाईंनी बसल्या बसल्या एक कोपरा दुमडला. तिनं बघितलं, मान डोलावली, आणि दुसरा कोपरा आपल्या पद्धतीनं घातला, आतून एक जास्तीची घडी देऊन. मग पलंगावर चढून धाडकन कुशीवर वळली. सासूबाईंचा कोपरा सुटला. तिचा जागच्या जागी. सासूबाईंनी तो कोपरा हातानं ओढून बघितला, काठीनं ओढून बघितला. "हं," म्हणाल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या तोंडून असा "हं" कुणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. मी आठला पाच कमी असताना दुकानात होते.

पुढचे दोन महिने सुखाचे. दोघी समोरासमोर चादरीची टोकं धरून घड्या घालायच्या, एक बसून, एक उभी. नणंदेनं वेगळी प्लॅस्टिकची ताटली आणली होती, ती सासूबाईंनी कुंडीखाली ठेवली. आणि एका सकाळी दोरीवर बघते तर काय, पिवळ्या फुल्या! तिसरीच्या टॉवेलावर. दोन महिन्यांत! मला चार वर्षं लागली होती! मी खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर दुकानात दोन काचा फोडल्या.

आणि मग ती शाल.

तिसरी भाजी आणायला गेली होती. तिची शाल खुर्चीवर पडली होती, करड्या लोकरीची, तिच्या आईनं विणलेली. घरून आणलेल्या चार वस्तूंतली एक. सासूबाईंनी चष्मा लावला आणि शालीच्या कोपऱ्यात पिवळ्या फुल्या घातल्या. प्रेमानं हो, अगदी प्रेमानं. त्यांना वाटलं, पोरगी खूश होईल.

ती परत आली, शाल उचलली, कोपरा बघितला. कात्री घेतली, एकेक टाका उसवला आणि पिवळा दोरा सासूबाईंच्या समोर टेबलावर ठेवला.

मी संध्याकाळी घरी पोचले तर घरात रणांगण. सासूबाई जेवायला तयार नाहीत. "मी हिला रंग दिला! रंग! आणि हिनं उसवला! पांढरीच राहायची लायकी हिची!" तिसरी दारात उभी, हात बांधून. बारीक आवाज, पण एकही शब्द हलला नाही. म्हणाली, "आजी, टॉवेल तुमचा. तुम्ही दोरा घाला. शाल माझी." मग माझ्याकडे वळली. "ताई, पासपोर्टपण माझा. तुमच्या कपाटात आहे. मला द्या. आणि रविवार द्या. नऊ आठवडे झाले. नाही दिला, मी जाते. पासपोर्ट नसला तरी जाते."

पासपोर्ट सासूबाईंच्या लोखंडी कपाटात होता, त्यांनीच शिवलेल्या कापडी पिशवीत. पिशवीच्या कोपऱ्यात पिवळ्या फुल्या. आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे, दुकानाच्या कोटाच्या खिशात. मी ती घरी ठेवायचीच नाही.

शनिवारी दुपारी घरची पंचायत बसली. नवरा, नणंद, मी, खुर्चीत तोंड फुगवून सासूबाई, आणि नवऱ्याच्या फोनवर एजन्सीवाली. तिसरी आत भांडी घासत होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

एजन्सीवाली म्हणाली, "पासपोर्ट हातात दिलात तर उद्या संध्याकाळी मला फोन करू नका. मी दुसरी देणार नाही."

नवरा म्हणाला, "रविवार देऊ. पासपोर्टचं पुढच्या वर्षी बघू."

नणंद म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. "काही नको! आज पासपोर्ट मागते, उद्या घर मागेल. आणि परकी कुठंय ती? आई, तू तिला रंग दिलास ना? मग आपलीच झाली की! आपलं माणूस आपल्याकडे ठेवायला कसली चोरी?"

आणि मी? मी म्हटलं, "दादही देऊ नका." होय, मीच. मला त्या खोलीतली माझी खुर्ची दिसत होती. तिच्यावर तो डावी-उजवी उलटी बसवणारा बसलेला दिसत होता. घाबरलेल्या माणसाला न्याय सुचत नाही, आपला जीव सुचतो.

सासूबाईंनी आपली चाकाची खुर्ची पुढं ढकलली. त्या लेकीकडे बघून म्हणाल्या, "काय म्हणालीस? रंग दिला म्हणून आपली?"

"मग काय! तूच सांगतेस ना, दोरा ज्याचा, कापड त्याचं."

सासूबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "साहेबांचे पडदे आठवतात?"

"आई, आता पडदे कुठं..."

"तोंड बंद. ते पडदे माझे नव्हते. वॉर्डाचेही नव्हते. साहेबांचेच होते. दोरा घातला तो घ्यायचे होते म्हणून घातला. त्या माणसाला अद्दल घडवायची होती, घडवली, त्याचं मला काही वाटत नाही. पण दुसऱ्याच्या कापडावर दोरा घालणं म्हणजे काय, ते मला पक्कं माहीत आहे. चौतीस वर्षांत एकदाच केलं मी ते." त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "आणि परवा शालीला केलं. बिनडोक म्हातारी." आतली भांडी वाजायची थांबली होती. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "किल्ली आण."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. किल्ली माझ्या खिशात होती, माझ्या बोटांना टोचत होती.

"आई," मी म्हटलं, "ती गेली तर माझं सगळं जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. गोड बोलायची सवयच नाही. "मग मी जमिनीवर सरपटत न्हाणीघरात जाईन, पण तू आठला दुकानात जाशील. तुझ्या नोकरीसाठी दुसऱ्या बाईला कुलपात ठेवायची नाही. नोकरी मीही केली आहे, पण अशी नाही."

"वहिनी, खबरदार!" नणंद म्हणाली.

बस्स. त्या "खबरदार"नं माझं डोकं सटकलं. बावीस वर्षं ऐकतेय मी ते. मी उठले, कपाट उघडलं, पिशवी काढली. नवरा म्हणाला, "अगं, विचार कर." मी म्हटलं, "तुम्ही करा विचार, सोमवारी रजा कशी टाकायची त्याचा. आई तुमची आहे." फोनवर एजन्सीवाली "हॅलो, हॅलो" करत होती, मी तो बंद केला.

पिशवी सासूबाईंनी मागून घेतली. पासपोर्ट बाहेर काढला, पिशवीच्या फुल्या कात्रीनं उसवल्या आणि तिसरीला हाक मारली. नावानं. खरं नाव, अडखळत, पण पुरं. मला कळलं की म्हातारी दोन दिवस मनातल्या मनात ते घोकत होती. ते नाव मी इथं लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही. तिनं ओले हात पुसले आणि पासपोर्ट घेतला. "आभार" वगैरे काही नाही. स्वतःच्या वस्तूचे आभार कोण मानतं?

रविवारी सकाळी नऊला ती गेली. अंगावर शाल, खांद्याला बॅग. सहाला येते म्हणाली. बॅग मोठी होती. नवऱ्यानं बॅगकडे बघितलं, मी नवऱ्याकडे बघितलं.

त्या दिवशी सासूबाईंना मी आणि नवऱ्यानं मिळून आंघोळ घातली. नवऱ्यानं आईच्या पायांना साबण लावला, आयुष्यात पहिल्यांदा. अंथरूण मी घातलं. सासूबाईंनी काठी उचलली आणि परत खाली ठेवली. नणंदेचा फोन तीनदा. "आली का?" दुसऱ्या वेळेला तिच्या आवाजात आनंद होता, मी शपथेवर सांगते.

सहा वाजले. साडेसहा. मी दुकानाचा कोट इस्त्री करून ठेवला होता, तो कपाटात परत टांगला. मग परत काढला. पावणेसात. सासूबाई म्हणाल्या, "गेली असेल तर गेली. तिची ती." पण डोळे दारावर होते. सात वाजले. मी आत जाऊन मालकांना काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले. "साहेब, घरची अडचण..." पुढचं वाक्य येईना. इतका राग आला मला, कुणाचा तेही कळेना.

बेल वाजली.

ती दारात. घामाघूम. बॅग रिकामी लोंबत होती, तिकडं तिच्या देशात असलेल्या लेकीसाठी घेतलेल्या वस्तू कुरियरला देऊन आली होती. लेक! एजन्सीनं मूलबाळ नाही असं लिहून दिलं होतं. "उशीर झाला," म्हणाली. "तीन दुकानं फिरले." आणि बॅगेतून दोऱ्याचं रीळ काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. जांभळं.

"आजी, टॉवेलाला हा. पिवळा मला आवडत नाही."

सासूबाईंनी रीळ नाकाशी धरलं, लांब धरलं. "जांभळा रंग उतरतो. दोन धुण्यांत सगळ्या टॉवेलांची वाट लावेल."

"नाही उतरणार. दुकानात पाण्यात बुडवून बघितला."

"गरम पाण्यात?"

"गरम पाण्यात."

सासूबाईंचा विश्वास बसायचा नाही. मला कपात कडकडीत पाणी आणायला लावलं. वीतभर दोरा त्यात टाकला आणि आम्ही चौघं त्या कपात वाकून बघत बसलो. पाणी स्वच्छच्या स्वच्छ. "हं," सासूबाई म्हणाल्या. दुसरा "हं".

मग सुईत जांभळा दोरा ओवला, टॉवेल मांडीवर घेतला, पिवळं उसवायला लागल्या. अर्ध्यात थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि तुला गं? हिरवा आवडतो ना?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही आवडला."

"मग अठरा वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

तिसरी, म्हणजे आमची ती, उठली, दोरीवरून माझा टॉवेल काढून आणला आणि माझ्या मांडीवर टाकला. सासूबाईंनी कात्री माझ्यापुढं धरली.

"घे," म्हणाल्या. "उसव."